सुई टोचण्याआधीच ठरणारा धोका : आरोग्य कर्मचारी आणि हिपॅटायटिस बी

इंजेक्शन देऊन झाले की वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवण्याची सवय अनेकांना असते. घाईत टोपण चुकते आणि सुईचे टोक दुसऱ्या हाताच्या बोटात घुसते. हातमोज्याला बारीकसे छिद्र पडते, रक्ताचा एखादा थेंब दिसतो, कधी तोही दिसत नाही. पुढचा रुग्ण वाट पाहत असतो, म्हणून हातमोजा बदलला जातो आणि काम पुढे सुरू होते. संध्याकाळपर्यंत बोट दुखायचे थांबते आणि प्रसंगही विस्मरणात जातो. अशा एका टोचण्यातून हिपॅटायटिस बीची लागण होण्याची शक्यता किती असते, ती कोणाला जास्त असते आणि कशामुळे कमी होते, हे जितके नीट समजायला हवे तितके ते रुग्णालयात काम करणाऱ्यांनाही अनेकदा समजावून सांगितलेले नसते.

ही शक्यता त्या क्षणी ठरत नाही. टोचले गेलेल्या व्यक्तीने लस पूर्ण घेतली होती का, लसीचा तिच्या शरीरावर परिणाम झाला की नाही हे कोणी तपासले होते का, सुया टाकण्याचा डबा तिच्या हाताशी होता का आणि घडलेला प्रकार निःसंकोच सांगता येईल असे कोणी तिथे होते का, या सगळ्या गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. म्हणून या आजाराच्या व्यावसायिक धोक्याकडे एखाद्याच्या निष्काळजीपणाची गोष्ट म्हणून पाहणे मला मुळातच चुकीचे वाटते.

हिपॅटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणू आहे. त्याचा शोध काहीसा अनपेक्षित वाटेने लागला. अमेरिकन संशोधक बरूक ब्लुमबर्ग हे निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांमधला फरक अभ्यासत होते. ऑस्ट्रेलियातील एका मूलनिवासी व्यक्तीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन आढळले आणि 1965 साली त्यांनी ते ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ या नावाने प्रसिद्ध केले. हे प्रथिन म्हणजे एका काविळीच्या विषाणूचे बाह्य आवरण आहे, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. 1970 साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली संपूर्ण विषाणूकण दिसला आणि 1976 साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्रयोगशाळेच्या अहवालावर ‘एचबीएसएजी’ असे जे लिहिलेले असते, ते हेच प्रथिन होय. त्याला सरफेस अँटिजेन म्हणतात. ते रक्तात सापडले, तर त्या व्यक्तीच्या शरीरात विषाणू आत्ता उपस्थित आहे असा अर्थ होतो.

हा विषाणू इतक्या सहज का पसरतो, याचे उत्तर संख्येत आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर विषाणूकणाची जाडी त्यातल्या सुमारे 42 भागांइतकी भरते. ज्या रुग्णाच्या शरीरात विषाणू जोमाने वाढत असतो, त्याच्या एक मिलिलिटर रक्तात 10 कोटींहून अधिक, कधी 100 कोटींपर्यंतही कण असू शकतात. पोकळ सुईत अडकून राहिलेले रक्त मिलिलिटरच्या एक हजाराव्या भागाइतकेच धरले, तरी त्यात एक लाखापासून दहा लाखांपर्यंत कण असण्याची शक्यता राहते. उघड्या डोळ्यांना न दिसणारे रक्तही पुरेसे ठरते, ते यामुळे.

त्यात भर म्हणजे हा विषाणू शरीराबाहेर लवकर मरत नाही. खोलीच्या साध्या तापमानाला वाळलेल्या रक्तात तो किमान सात दिवस लागण करण्याच्या स्थितीत टिकू शकतो. टेबलाची कड, रक्तदाब मोजण्याचा पट्टा, प्रयोगशाळेतील नमुन्याच्या बाटलीचे झाकण किंवा डायलिसिस यंत्राची बटणे यांवर वाळून गेलेला डाग डोळ्याला दिसला नाही, तरी हाताच्या एखाद्या भेगेला तो भेटू शकतो. लस येण्यापूर्वीच्या काळात लागण झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडे जेव्हा चौकशी केली गेली, तेव्हा त्यांतील बहुसंख्यांना सुई टोचल्याचा एकही प्रसंग आठवत नव्हता, असे अनेक अभ्यासांत दिसून आले. काही अभ्यासांत अशांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना केवळ आपण हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची शुश्रूषा केली होती एवढेच आठवत होते. ओरखडे, भाजल्याच्या जखमा, त्वचेचा इसब आणि डोळ्यांत किंवा तोंडात उडालेले शिंतोडे अशा वाटांनी विषाणू शिरला असावा, असे मानले जाते.

धोक्याचे आकडे सांगताना वैद्यकीय शिक्षणात तीनाच्या पटीचा एक ढोबळ नियम वापरला जातो. बाधित रुग्णासाठी वापरलेली सुई दुसऱ्या कोणाला टोचल्यास लागण होण्याची शक्यता हिपॅटायटिस बीच्या बाबतीत सुमारे 30 टक्के, हिपॅटायटिस सीच्या बाबतीत सुमारे 3 टक्के आणि एचआयव्हीच्या बाबतीत सुमारे 0.3 टक्के असते, असा तो नियम आहे. लक्षात ठेवायला तो सोपा आहे आणि कोणता आजार किती सहज लागतो याचा क्रमही तो बरोबर दाखवतो. रुग्णालयांत सुई टोचली की पहिला प्रश्न एचआयव्हीचा विचारला जातो, त्या भीतीपोटी रात्रीची झोप उडते; त्याच्या शंभरपट सहज लागणाऱ्या विषाणूबद्दल मात्र तेवढी विचारपूस होत नाही, ही विसंगती या नियमातून लगेच नजरेत भरते.

परंतु 30 टक्क्यांच्या या एका आकड्यामागे बरेच काही दडलेले आहे. पहिली गोष्ट अशी की, तो फक्त लस न घेतलेल्या आणि पूर्वी लागण न झालेल्या व्यक्तीला लागू पडतो. लसीमुळे प्रतिकारशक्ती आलेल्या व्यक्तीसाठी ही शक्यता जवळजवळ शून्यावर येते. दुसरी गोष्ट रुग्णाच्या रक्ताशी संबंधित आहे. विषाणू वेगाने वाढत असताना रक्तात ‘ई-अँटिजेन’ नावाचे आणखी एक प्रथिन सापडते. ज्या रुग्णाच्या रक्तात ते असते, त्याच्यासाठी वापरलेली सुई टोचल्यास टोचले गेलेल्यांपैकी 37 ते 62 टक्के व्यक्तींच्या रक्तात लागणीचा पुरावा आढळतो आणि 22 ते 31 टक्के व्यक्तींना प्रत्यक्ष आजाराची लक्षणे दिसतात. रुग्णाच्या रक्तात सरफेस अँटिजेन आहे पण ई-अँटिजेन नाही, अशा वेळी लक्षणे दिसणाऱ्यांचे प्रमाण 1 ते 6 टक्क्यांपर्यंत खाली येते. तरीही रक्तात लागणीचा पुरावा 23 ते 37 टक्के व्यक्तींमध्ये सापडतो. या शेवटच्या दोन आकड्यांमधल्या अंतराकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे, कारण लागण होते आणि ती कळत नाही, अशा माणसांची संख्या त्या अंतरात आहे.

सुईचा प्रकारही महत्त्वाचा असतो. रक्त काढण्याच्या पोकळ सुईत रक्त साठून राहते, तर टाके घालण्याची भरीव सुई हातमोज्यातून आत जाताना तिच्यावरचे बरेचसे रक्त बाहेरच पुसले जाते. जखम जितकी खोल आणि सुई जितकी ताजी, तितका धोका अधिक. रक्ताशिवाय वीर्य, योनिस्राव, गर्भजल आणि मेंदू, फुप्फुसे, हृदय, पोट व सांधे यांच्याभोवतीचे द्रव लागण करू शकतात असे धरूनच काम करावे लागते. लाळेत विषाणूचे प्रमाण कमी असते. मात्र दंतवैद्यकात लाळेत रक्त मिसळलेलेच असणार हे गृहीत धरले जाते. घाम, लघवी, शौच आणि उलटी यांत रक्त दिसत नसेल, तर त्यांच्यापासून या आजाराचा धोका मानला जात नाही. एकत्र जेवणे, हस्तांदोलन करणे किंवा खोकला यांमुळे हा आजार पसरत नाही, हे बाधित रुग्णाशी आणि बाधित सहकाऱ्याशी वागताना विसरले जाऊ नये.

लागण झाल्यानंतर लक्षणे दिसायला साधारण दोन ते पाच महिने लागतात. सरासरी काळ तीन महिन्यांचा धरतात. इतक्या अवधीनंतर थकवा, मळमळ किंवा कावीळ सुरू झाली, तर तिचा संबंध त्या विसरलेल्या टोचण्याशी कोण जोडणार? शिवाय प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांना लक्षणेच दिसत नाहीत. प्रौढ वयात लागण झालेल्या 95 टक्क्यांहून अधिक व्यक्ती सहा महिन्यांच्या आत विषाणूवर मात करतात आणि उरलेल्यांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो. नवजात बालकांमध्ये हे प्रमाण अगदी उलटे असून सुमारे 90 टक्के बाळांमध्ये आजार दीर्घकालीन होतो. प्रौढांसाठीचे हे आकडे दिलासा देणारे वाटतात खरे. पण लागणीनंतरच्या सुरुवातीच्या, म्हणजे तीव्र, आजारात यकृत अचानक निकामी होऊन मृत्यू ओढवण्याची शक्यताही सुमारे एक टक्का असते, आणि दीर्घकालीन आजार झालेल्यांपैकी 15 ते 25 टक्के व्यक्ती पुढे यकृताचा सिरोसिस (यकृत कठीण होऊन निकामी होत जाणे) किंवा कर्करोग यांमुळे अकाली मृत्यू पावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 साली जगात 25 कोटी 40 लाख लोक या दीर्घकालीन संसर्गासह जगत होते आणि त्या एका वर्षात सुमारे 11 लाख लोकांचा त्यामुळे मृत्यू झाला. म्हणजेच रुग्णालयात आलेल्या कोणत्याही रुग्णाच्या रक्तात हा विषाणू असू शकतो आणि बहुतेक वेळा ते त्या रुग्णालाही माहीत नसते.

लस नव्हती त्या काळी रुग्णालये या आजारापुढे किती हतबल होती, हे डायलिसिस विभागांच्या इतिहासातून कळते. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिसचा वापर वाढला. तिथे रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरते, नळ्या जोडाव्या-सोडाव्या लागतात आणि हे सारे आठवड्यातून अनेकदा घडते. ब्रिटनमधील अनेक डायलिसिस विभागांत काविळीच्या साथी पसरल्या. 1969-70 साली एडिंबरा येथे पसरलेल्या साथीत रुग्णांबरोबर त्यांची शुश्रूषा करणारे कर्मचारीही मृत्युमुखी पडले. त्यानंतर 1972 साली रोझेनहाइम समितीच्या अहवालाने रुग्णांच्या व कर्मचाऱ्यांच्या रक्ताची नियमित तपासणी आणि बाधित रुग्णांसाठी वेगळी व्यवस्था सुचवली आणि त्या शिफारशी अमलात आल्यावर लस नसतानाही साथी आटोक्यात आल्या. धोका कामात असला, तरी कामाची रचना बदलून तो कमी करता येतो, याचा हा माझ्या मते सर्वांत ठोस पुरावा आहे.

त्यानंतर लस आली. विषाणू शरीरात वाढताना आपल्या आवरणाच्या प्रथिनाचे कितीतरी रिकामे कणही तयार करतो. त्यांत जनुकीय द्रव्य नसल्यामुळे ते लागण करू शकत नाहीत, पण शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा त्यांना ओळखते. बाधित व्यक्तींच्या रक्तद्रवातून हे रिकामे कण वेगळे काढून, शुद्ध करून तयार केलेल्या पहिल्या लशीला अमेरिकेत 1981 साली परवानगी मिळाली. 1986 साली आवरणाचे तेच प्रथिन यीस्टच्या पेशींकडून बनवून घेण्याची पद्धत आली आणि मानवी रक्तद्रवाची गरजच संपली. आजच्या लशीत ना विषाणू असतो ना कोणाचे रक्त; तिच्यामुळे हिपॅटायटिस बी होणे शक्यच नाही. गरोदरपणातही ती देता येते. हिपॅटायटिस डीचा विषाणू हिपॅटायटिस बीच्या आधाराशिवाय जगू शकत नसल्यामुळे त्या आजारापासूनही हीच लस संरक्षण देते.

तरीही लस उपलब्ध झाली म्हणून सर्वांनी ती घेतली, असे घडले नाही. अमेरिकेत 1991 साली जाहीर झालेल्या नियमानुसार, कामावर रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांना ही लस विनामूल्य देऊ करणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. तिथे 1983 साली आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये वर्षाला दहा हजारांहून अधिक नव्या लागणी होत होत्या. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती संख्या सुमारे 400 वर आली. एखाद्या व्यावसायिक आजारात एका पिढीच्या आत एवढी घट झाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

सर्वत्र मात्र असे चित्र नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी सन 2000 ची स्थिती धरून केलेल्या अंदाजानुसार, जगातील साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे 30 लाख जणांना दरवर्षी रक्ताने दूषित सुई किंवा धारदार वस्तू लागत होती. त्यांपैकी सुमारे 20 लाख जणांचा संबंध हिपॅटायटिस बीशी येत होता आणि त्यातून वर्षाला अंदाजे 66 हजार लागणी होत होत्या. आरोग्य कर्मचाऱ्यांमधील हिपॅटायटिस बीच्या एकूण लागणींपैकी 37 टक्के लागणींचे मूळ त्यांच्या कामात होते, असे त्याच अभ्यासाने मांडले. हे सारे आकडे प्रत्यक्ष मोजणीचे नसून अंदाजाचे आहेत. मात्र टोचण्याच्या प्रसंगांची नोंद फार कमी होते, ही बाब जवळजवळ प्रत्येक पाहणीत आढळते.

आरोग्य कर्मचारी म्हटले की डोळ्यांसमोर डॉक्टर आणि परिचारिका येतात. पण वापरलेली सुई त्यांच्या हातून सुटल्यावर तिचा प्रवास संपत नाही. ती कचऱ्याच्या पिशवीत जाते, चादरीच्या घडीत अडकते, शस्त्रक्रियेच्या ट्रेमध्ये कापसाखाली पडून राहते आणि मग सफाई कामगार, धुलाई विभागातील माणूस, उपकरणे धुणारा मदतनीस किंवा कचरा वाहून नेणारा कामगार यांच्या हाताला लागते. या माणसांच्या बाबतीत धोका दुहेरी असतो. ती सुई कोणाला वापरली होती हे कधीच कळत नसल्यामुळे रुग्णाचे रक्त तपासून निर्णय घेण्याची सोय त्यांना नसते. आणि कंत्राटी कामावर असल्यामुळे लसीकरणाच्या यादीत त्यांचे नाव अनेकदा नसतेच. शिकाऊ विद्यार्थ्यांचेही असेच आहे. हात बसलेला नसतो त्याच काळात ते सर्वाधिक रक्त काढतात, आणि लशीचे डोस पूर्ण होण्याआधीच त्यांना वॉर्डात पाठवले जाते. लस द्यायची असेल, तर ती रक्ताशी पहिला संबंध येण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी. प्रवेशाच्या कागदपत्रांबरोबरच पहिला डोस दिला गेला, तर हे सहज साधते.

लशीच्या बाबतीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणाऱ्या गोष्टीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. नेहमीच्या पद्धतीत तीन डोस असतात : पहिला आज, दुसरा एक महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. ते दंडाच्या वरच्या स्नायूत दिले जातात, कारण नितंबावर दिल्यास परिणाम कमी होतो असे दिसले आहे. मधला एखादा डोस लांबला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नसते. राहिलेले डोस पूर्ण करायचे असतात. चाळिशीच्या आतील निरोगी प्रौढांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांमध्ये तीन डोसांनंतर संरक्षण मिळते. याचा दुसरा अर्थ असा की, तिन्ही डोस वेळेवर घेऊनही काही जणांना संरक्षण मिळत नाही. वाढते वय, धूम्रपान, स्थूलपणा, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार आणि काही प्रमाणात आनुवंशिक घडण ही त्याची ज्ञात कारणे आहेत. अशा व्यक्तीच्या कागदावर ‘लसीकरण पूर्ण’ असा शिक्का असतो आणि तिच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिने, मात्र नसतात.

ती आहेत की नाहीत हे एका साध्या रक्ततपासणीतून कळते. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी सरफेस अँटिजेनविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण मोजतात. रुग्णालयांत त्याला ‘टायटर’ म्हणतात. ते प्रति मिलिलिटर 10 मिली-आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक भरले, तर ती व्यक्ती सुरक्षित मानली जाते. ते कमी भरले, तर लशीचा दुसरा संच देऊन पुन्हा तपासणी करतात. पहिल्या खेपेस प्रतिसाद न दिलेल्यांपैकी बऱ्याच जणांना या दुसऱ्या संचानंतर संरक्षण मिळते. त्यानंतरही प्रतिपिंडे आढळली नाहीत, तर दोन गोष्टी करायच्या असतात. एक म्हणजे त्या व्यक्तीला आधीपासूनच दीर्घकालीन संसर्ग तर नाही ना, हे सरफेस अँटिजेनच्या तपासणीने पाहायचे. दुसरी म्हणजे तसे नसल्यास तिला ‘लशीला प्रतिसाद न देणारी’ म्हणून स्पष्टपणे सांगायचे, जेणेकरून सुई टोचल्यास काय करायचे हे तिला त्या क्षणी ठाऊक असेल.

ही तपासणी वेळेवर का करायची, याचे कारण थोडे गुंतागुंतीचे आहे. कालांतराने रक्तातील प्रतिपिंडे कमी होत जातात आणि दहा-पंधरा वर्षांनी मोजली तर ती 10 च्या खाली भरू शकतात. पण त्यामुळे संरक्षण संपत नाही. लशीने तयार केलेल्या स्मृतिपेशी शरीरात राहतात. विषाणू आलाच, तर त्याला आजार घडवायला काही आठवडे ते महिने लागतात आणि तेवढ्या अवधीत या पेशी नव्याने भरपूर प्रतिपिंडे तयार करतात. लशीचे संरक्षण किमान 30 वर्षे टिकत असल्याचे आढळले असून, निरोगी व्यक्तीला एकदा प्रतिसाद सिद्ध झाल्यावर बूस्टर डोसची आवश्यकता नसते. परंतु ज्याने सुरुवातीला तपासणीच केली नाही आणि पंधरा वर्षांनी सुई टोचल्यावर पहिल्यांदा केली, त्याचा आकडा कमी आला तर त्याचा अर्थ काय लावायचा? प्रतिपिंडे कधी तयारच झाली नाहीत, की होऊन ओसरली? त्या एका अहवालावरून हे सांगता येत नाही. आयुष्यात एकदा, योग्य वेळी केलेली आणि जपून ठेवलेली ही तपासणी पुढच्या सगळ्या शंका मिटवते.

आता प्रत्यक्ष सुई टोचल्यावर काय करायचे ते पाहू. जखम साबण आणि पाण्याने धुवायची. डोळ्यांत रक्त उडाले असेल, तर ते भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचे. बोट दाबून रक्त बाहेर काढण्याची धडपड जवळजवळ प्रत्येक जण करतो, पण तिचा उपयोग होत असल्याचा पुरावा नाही; जखमेवर ब्लीचसारखे दाहक द्रव ओतणे तर हानिकारकच आहे. त्यानंतर लगेच, कामाची पाळी संपण्याची वाट न पाहता, ठरवून दिलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचे. रुग्णाची ओळख पटलेली असल्यास त्याच्या रक्ताची तपासणी केली जाते.

पुढचे उपचार टोचले गेलेल्या व्यक्तीच्या पूर्वतयारीवर ठरतात. जिचा लशीला प्रतिसाद पूर्वीच सिद्ध झालेला आहे, तिला हिपॅटायटिस बीसाठी काहीच करावे लागत नाही, रुग्ण बाधित असला तरीही. जिने लस घेतलेली नाही आणि रुग्ण बाधित आहे किंवा कोण होता हेच माहीत नाही, तिला हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन आणि लशीचा पहिला डोस शरीराच्या वेगवेगळ्या जागी एकाच वेळी दिला जातो. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडे. ती लगेच कामाला लागतात पण काही महिन्यांतच संपतात, आणि तोवर लशीने शरीराची स्वतःची प्रतिपिंडे तयार व्हायला लागलेली असतात. हे इंजेक्शन शक्यतो 24 तासांच्या आत द्यायचे असते. सात दिवसांनंतर त्याचा उपयोग होईल असे मानण्यास आधार नाही. दोन संच घेऊनही प्रतिसाद न दिलेल्या व्यक्तीला लशीचा आणखी डोस देण्याऐवजी इम्युनोग्लोब्युलिनचेच दोन डोस एक महिन्याच्या अंतराने देतात. जिला संरक्षण असल्याची खात्री नाही, तिच्या रक्ताची तपासणी घटनेनंतर लगेच आणि पुन्हा सहा महिन्यांनी करायची असते.

सुई टोचूच नये यासाठीचे उपाय साधे असले, तरी ते एकट्या कर्मचाऱ्याच्या हाती नसतात. तोंडी औषधाने काम भागत असेल तिथे इंजेक्शन न देणे, हा त्यातला सर्वांत प्रभावी आणि सर्वांत कमी बोलला जाणारा उपाय आहे. सुई वापरल्यावर आपोआप झाकली जाणारी किंवा आत ओढली जाणारी सुरक्षित उपकरणे, न भोसकले जाणारे डबे अगदी खाटेजवळ ठेवणे आणि ते तीन चतुर्थांश भरताच बदलणे, शस्त्रक्रियेत धारदार हत्यारे हातातून हातात न देता ट्रेमध्ये ठेवून देणे, अशा व्यवस्था रुग्णालयाने करायच्या असतात. टोपण परत न बसवणे ही शिस्त कर्मचाऱ्याने पाळायची. पण डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर उघडी सुई घेऊन चालत जाण्यापेक्षा टोपण बसवणे त्याला शहाणपणाचे वाटणारच. अगदी बसवावेच लागले, तर टोपण सपाट जागेवर ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी. प्रत्येक रुग्णाचे रक्त बाधित असू शकते असे समजून सर्वांशी सारखीच काळजी घेणे, हे तत्त्व 1980 च्या दशकापासून स्वीकारले गेले आहे. फक्त ‘पॉझिटिव्ह’ रुग्णाच्या फाइलवर लाल खूण करून बाकीच्यांच्या बाबतीत सैल राहण्याची पद्धत त्या तत्त्वाच्या विरुद्ध तर आहेच, शिवाय ती रुग्णावर उगाच कलंक लावते.

घटना कळवण्याबाबत एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. सुई टोचल्याचे सांगितल्यावर पहिला प्रश्न ‘लक्ष कुठे होते?’ असा येत असेल, तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही. आणि न सांगणाऱ्याचे ते 24 तास निघून जातात. ही वेळ हातची जाते ती बऱ्याचदा संकोचापायी, औषधाच्या अभावापायी नाही, आणि म्हणूनच ते अधिक खेदजनक आहे.

ज्या कर्मचाऱ्याला लागण होऊन आजार दीर्घकालीन झाला आहे, त्याची नोकरी किंवा शिक्षण त्या कारणाने हिरावून घेण्याला वैद्यकीय आधार नाही. रुग्णाच्या शरीराच्या पोकळीत, जिथे नजर पोहोचत नाही अशा अरुंद जागी, बोटांनी सुई चाचपत करायच्या काही ठराविक शस्त्रक्रियांतच त्याच्याकडून रुग्णाला संसर्ग होण्याचा वास्तविक धोका असतो. अशा शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण नियमितपणे मोजले जाते. अमेरिकेतील 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते प्रति मिलिलिटर 1000 आंतरराष्ट्रीय एककांच्या खाली राहिले, तर त्या शस्त्रक्रियाही करता येतात. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर यांच्या रोजच्या एका गोळीने विषाणूची वाढ बहुतेकांमध्ये दबून राहते. यकृताच्या पेशींच्या केंद्रकात विषाणूने ठेवलेली जनुकीय प्रत या औषधांनी नष्ट होत नसल्यामुळे गोळी बहुधा अनेक वर्षे घ्यावी लागते आणि सिरोसिस झालेल्यांना किंवा कर्करोगाचा धोका अधिक असलेल्यांना दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करून घ्यावी लागते. रक्त काढणे, इंजेक्शन देणे, रुग्ण तपासणे, टाके काढणे ही कामे मात्र असा कर्मचारी नेहमीची काळजी घेऊन पूर्वीसारखीच करू शकतो, आणि त्याच्या आजाराची माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांपुरतीच राहायला हवी.